पांघरूण नसलेला पुतळा

एखाद्याची चूक झाकली की मराठीत आपण म्हणतो, त्याने तिच्यावर पांघरूण घातले. जर्मन भाषेतही हीच कल्पना आहे. तिथे पांघरुणाच्या जागी खांद्यावरून घ्यायचा झगा येतो, आणि सत्य झाकण्याच्या क्रियापदात त्या झग्याचेच नाव दडलेले असते. एर्न्स्ट रीट्शेल या शिल्पकाराने जर्मन लेखक गॉटहोल्ड एफ्राइम लेसिंगचा पुतळा करायला घेतला तेव्हा या शब्दाने त्याला वाट दाखवली. लेसिंगच्या खांद्यावर झगा का नको, हे त्याने आपले गुरू क्रिस्टियान डानिएल राउख यांना पत्रातून कळवले होते. आशय असा की ज्या माणसाने हयातीत कशावरच पांघरूण घातले नाही, त्याला झगा पांघरवणे म्हणजे खोटे बोलणे. 1853 साली ब्राउनश्वाइग शहरात तो पुतळा उभा राहिला. साधा कोट, आतली बंडी, गुडघ्यापर्यंतची तुमान, पायमोजे आणि बूट, एवढाच वेश. आज त्यात कुणाला काही वावगे दिसणार नाही. त्या काळात मात्र चौकातल्या पुतळ्याच्या अंगावर काय असावे, यावर जर्मनीतली उत्तमोत्तम डोकी दोन पिढ्या झिजली होती. तो वाद वरवर कपड्यांचा होता. गावाच्या मध्यभागी, सगळ्यांच्या नजरेत, कायमचे उभे राहण्याचा हक्क कुणाला, हा त्याच्या पोटातला प्रश्न होता. रीट्शेलने त्याचे जे उत्तर ब्राँझमध्ये दिले, ते त्याच्या काळातल्या कुठल्याही शिल्पकारापेक्षा धीट होते असे मला वाटते. कपड्यांकडून काढून घेतलेला भार त्याने माणसाच्या उभे राहण्यावर टाकला.

झग्याचा आग्रह धरणारे लोक जुनाट किंवा मूर्ख नव्हते, हे आधी मान्य करायला हवे. त्यांची अडचण हाताने काम करणाऱ्या माणसाची होती. अंगावर सैल घेतलेले वस्त्र शरीराच्या मागे चालते. गुडघा वाकला की तिथे ते ताणते, कमरेपाशी लोंबते, खांद्यावर गोळा होते, आणि त्याच्या चुण्यांवरून आतला देह कसा उभा आहे हे पाहणाऱ्याला कळते. शिवलेला कोट तसे काही सांगत नाही. शिंप्याने त्याचा आकार आधीच ठरवलेला असतो. बाही म्हणजे एक नळी, तुमान म्हणजे दोन नळ्या, आणि वर शिवणी, काजे, बटणे, खिशांच्या झापा. हे सारे ब्राँझमध्ये ओतले की माणसाऐवजी शिंप्याचे दुकान चबुतऱ्यावर चढवल्यासारखे दिसण्याची भीती असते. तत्त्वज्ञ हेगेल यांनी बर्लिनमधल्या सौंदर्यशास्त्रावरील व्याख्यानांत आधुनिक कपड्यांना ताणलेल्या पोत्यांची उपमा दिली होती. गंमत अशी की ज्याचे थोरपण त्याच्या स्वतःच्या काळाशी बांधलेले आहे, अशा माणसाच्या प्रतिमेला त्याच्याच काळाचे कपडे शोभतात, हेही त्याच हेगेलने मान्य केले होते. म्हणजे कोट कुरूप होता आणि तरीही आवश्यक होता. ही अडचण व्याख्यानात सोडवून भागत नाही. कुणीतरी मातीत हात घालूनच तिचा निकाल लावावा लागतो.

वादाची सुरुवात रीट्शेलच्या जन्माआधीच झाली होती. योहान गॉटफ्रीड शाडो या बर्लिनच्या शिल्पकाराने 1794 साली जनरल त्सीटन याचा पुतळा घडवला, तो हुसार घोडदळाच्या गणवेशात. रोमन सेनापतीचे चिलखत त्याने चढवले नाही. पुढे 1800 च्या सुमारास खुद्द गटेने, शाकुंतलाच्या स्तुतीमुळे ज्याचे नाव आपल्याकडे घराघरात गेले त्या गटेने, आपल्या नियतकालिकात बर्लिनच्या कलेवर टीका केली. तिथे वास्तवाची आणि उपयुक्ततेची मागणी फार झाली आहे, काळाची रुक्ष वृत्ती कलेत शिरली आहे, अशी त्याची तक्रार होती. शाडोने पुढच्याच वर्षी छापील उत्तर दिले आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले घडवण्याची बाजू ठामपणे मांडली. पण तोच शाडो 1819 साली रोस्टॉक शहरासाठी सेनापती ब्ल्युखरचा पुतळा करताना गटेच्या सल्ल्याने चालला आणि ब्ल्युखरच्या अंगावर सिंहाचे कातडे आले. नेपोलियनशी लढलेला प्रशियन म्हातारा हर्क्युलीसचा वेश घालून उभा राहिला! वास्तवाची बाजू घेणारा हाडाचा कलावंतसुद्धा चौकाच्या दडपणाखाली कसा माघार घेतो, याचे हे उदाहरण आहे. छोट्या मूर्तीत, दालनात, घरातल्या टेबलावर कुणीही कोट चालवून घेत असे. राउखने 1828 साली गटेची छोटी मूर्ती केली ती घरात घालायच्या सैल कोटात, हात पाठीमागे, वयाने किंचित जड झालेला. ती लोकांना फार आवडली. चौकात मात्र तोच गटे तसा उभा करण्याचे कुणाच्या मनातही येत नव्हते.

त्सीटनचे उदाहरण दाखवून कुणी म्हणेल की मग रीट्शेलने नवे ते काय केले? समकालीन कपडे तर शाडोने साठ वर्षे आधीच चढवले होते. या आक्षेपात तथ्य आहे, पण एक फरक त्यातून निसटतो. सैनिकाचा गणवेश हा रोजचा कपडा नसतो. त्याचे तेज राज्याकडून आलेले असते, दोऱ्या-गोंडे-तलवार त्याच्या सत्तेची खूण असतात, आणि तो घालणारा राजाच्या वतीने उभा असतो. धर्मोपदेशकाच्या लांब झग्याचेही तसेच. शाडोने 1821 साली विटेनबर्गला धर्मसुधारक ल्यूथर उभा केला, त्याला त्याच्या झग्याने सावरले. राउखने न्युरेंबर्गला 1840 साली चित्रकार ड्युररचा पुतळा केला. ड्युररचे युग जुने, त्याचे कपडेही भरदार, म्हणून तिथेही अडचण आली नाही. खरी कसोटी लागते ती ज्याच्याजवळ गणवेश नाही, पदवीचा झगा नाही, राजाचा शिक्का नाही आणि फक्त लिहिलेली पाने आहेत अशा माणसाच्या बाबतीत. थोरवाल्डसन या डॅनिश शिल्पकाराने 1839 साली स्टुटगार्टला शिलरचा पुतळा दिला, तेव्हा त्याने शिलरला घोळदार झग्यात गुंडाळले आणि डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट ठेवला. मान खाली घातलेला तो कवी सुंदर आहे, पण चौकातल्या कुणाचाही तो शेजारी वाटत नाही.

हा हिशेब रीट्शेलला कळला, त्याचे एक कारण त्याच्या जन्मात सापडते. 15 डिसेंबर 1804 रोजी सॅक्सनीतल्या पुल्सनिट्झ या छोट्या गावी तो जन्मला. वडील कातड्याचे हातमोजे आणि पिशव्या शिवणारे कारागीर. धंदा बेताचा आणि घर गरिबीचे. रीट्शेलने आपल्या तरुणपणाच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत आणि त्यांत त्या गरिबीवर त्याने कुठलाही रंग चढवलेला नाही. 1820 मध्ये तो ड्रेस्डेनच्या कला अकादमीत दाखल झाला, 1826 मध्ये बर्लिनला राउखच्या हाताखाली गेला, 1830 मध्ये इटली पाहून आला आणि 1832 मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आतच, ड्रेस्डेनच्या अकादमीत प्राध्यापक झाला. राउख स्वतः एका दरबारी नोकराचा मुलगा; तरुणपणी तो राणी लुईझेचा खासगी सेवक होता आणि तिच्याच समाधीवरच्या मूर्तीने त्याचे नाव झाले. म्हणजे गुरू-शिष्य दोघेही खालून वर आलेले. पण राउख दरबाराच्या जिन्याने चढला आणि रीट्शेल हस्तकारागिरांच्या गल्लीतून अकादमीच्या वर्गात. कातडे कुठे ताणते, शिवण कुठे धरते, बोटांजवळ त्याला सुरकुती कशी पडते, हे ज्याच्या घरात रोज चालले होते, त्याला शिवलेल्या कपड्याचा तिटकारा वाटला नसेल, असा माझा तर्क आहे. मात्र माझा सारा युक्तिवाद या तर्कावर उभा नाही. पुतळेच पुरेसे बोलतात.

गुरू आणि शिष्य यांच्यातले अंतर मोजायला एकच माणूस पुरतो, तो म्हणजे लेसिंग. बर्लिनच्या उंटर डेन लिंडन या हमरस्त्यावर 1851 साली राउखने घडवलेल्या प्रशियाच्या राजा फ्रेडरिकच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले. सुमारे साडेतेरा मीटर उंचीचे हे प्रचंड काम आहे. वर राजा त्रिकोणी टोपीत आणि गणवेशात, पण खांद्यावर राजेशाही झगा आहेच. खाली चबुतऱ्याभोवती त्याच्या काळातल्या सत्तरांहून अधिक व्यक्ती. कोपऱ्यांवर घोड्यावर बसलेले सेनापती, बाजूंना आणखी सैनिक आणि मुत्सद्दी, आणि लेसिंग व तत्त्वज्ञ कांट कुठे? मागच्या बाजूला, घोड्याच्या शेपटाखाली, एकमेकांशी बोलत उभे. बर्लिनकरांना ही जागा खुपली आणि अजूनही लोक तिथे थांबून ती एकमेकांना दाखवतात. राउखचा हेतू अपमानाचा नसेल. राजाच्या स्मारकात लेखकाला जागा दिली हेच त्या काळी पुष्कळ होते, आणि पुढची बाजू तलवारीची, मागची बाजू लेखणीची, हा क्रमही तेव्हा कुणी ठरवून केलेला नव्हता, तो राज्याच्याच रचनेत होता. त्यानंतर दोनच वर्षांनी ब्राउनश्वाइगला तोच लेसिंग एकटा, स्वतःच्या चबुतऱ्यावर, कुणाच्याही सावलीत नसलेला उभा राहिला. ज्या शहरात 1781 साली कर्जाने आणि आजाराने थकून तो मेला, तेच हे शहर. जवळच्या वोल्फेनब्युटेलला तो ग्रंथपाल होता. त्याच्या नावावर ना लढाई होती ना जहागीर.

लेसिंगच्या या पुतळ्याला सर्वांत जड आक्षेप खुद्द लेसिंगच्या पुस्तकातून येतो. 1766 साली त्याने ‘लाओकून’ लिहिले. शिल्प आणि काव्य यांच्या सीमा कुठल्या, हा त्याचा विषय. ट्रॉयचा पुजारी लाओकून आणि त्याची दोन मुले सापांच्या विळख्यात सापडलेली दाखवणारे प्राचीन शिल्प रोममध्ये आहे. व्हर्जिलच्या काव्यात तो पुजारी पूर्ण वेशात आहे, कपाळी पुरोहिताची पट्टी बांधलेली आहे. शिल्पात मात्र तो उघडा आहे. असे का, याचे लेसिंगने दिलेले उत्तर अजूनही वाचावे असे आहे. गुलामाच्या हातांनी विणलेल्या कापडाला देहाची सर येणार नाही, आणि वेदना कपाळावर उमटते, म्हणून शिल्पकाराने पट्टीही काढून टाकली. मग ज्या माणसाने कापडाला इतके खालचे स्थान दिले, त्याच्याच पुतळ्यावर बटणे आणि खिसे का? मला वाटते, रीट्शेलने लेसिंगच्या मताचा शब्द मोडला आणि अर्थ पाळला. लेसिंगचा मुद्दा असा होता की कापडाने मुख्य गोष्ट झाकू नये. लाओकूनची मुख्य गोष्ट त्याच्या स्नायूंत होती. लेसिंगची मुख्य गोष्ट कुठे होती? खोटेपणापुढे न झुकणाऱ्या त्याच्या उभे राहण्यात. पुतळ्यापाशी उभे राहून पाहिले की कळते, डोके ताठ आणि किंचित वळलेले, छाती पुढे, पाय जमिनीत रोवलेले, आणि कोटाच्या कडा या उभ्या रेषांना नुसती साथ देतात. उघडा लेसिंग हा ग्रीक झाला असता, झग्यातला लेसिंग रोमन. कोटातला लेसिंग वादाला उभा राहिलेला माणूस आहे आणि समोरच्याने उत्तर द्यावे अशी त्याची अपेक्षा आहे.

वायमारची गोष्ट याहून गुंतागुंतीची. तिथल्या नाट्यगृहासमोर गटे आणि शिलर या दोघांचा एकत्र पुतळा व्हावा असे ठरले आणि काम साहजिकच राउखकडे गेले. त्याने दोघांना प्राचीन वेशात कल्पिले. बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग, ज्याने 1848 मध्ये गादी सोडली होती पण कलेचा नाद सोडला नव्हता, त्याने या कामाला मदत देऊ केली ती एका अटीवर, की दोघांच्या अंगावर त्यांच्या काळाचे कपडे हवेत. राउखला हे पटले नाही आणि तो बाजूला झाला. 1852 च्या अखेरीस काम रीट्शेलच्या हाती आले. इथेच दुसरा आक्षेप उभा राहतो. कोट राजाने सक्तीने घालायला लावला. त्यात शिल्पकाराची हिंमत कसली? पण लेसिंगची कल्पना या अटीच्या आधीची आहे, आणि तिच्यामागे कुठल्याही राजाची अट नव्हती. शिवाय अट घालणे आणि ती निभावणे यांत फार अंतर असते. लुडविगने फक्त कापड सांगितले. त्या कापडात दोन माणसे एका चबुतऱ्यावर, एकमेकांना न झाकता, एकमेकांकडे पाठ न करता आणि लग्नाच्या फोटोसारखी न दिसता कशी उभी करायची, हे रीट्शेललाच ठरवायचे होते. हेच दोन कवी त्याने आधी ड्रेस्डेनच्या नाट्यगृहासाठी केले होते, दरवाजाच्या दोन बाजूंना दोघे वेगवेगळे बसलेले. तिथे मधला दरवाजाच त्यांचे नाते सांभाळत होता. वायमारला तसा आडोसा नव्हता.

नाते कसे घडवायचे, हा तेव्हाच्या शिल्पकाराच्या कष्टांचाही प्रश्न आहे. आधी वीतभर उंचीचा कच्चा नमुना, मग अर्ध्या मापाचा, मग लोखंडी सांगाड्यावर चिकणमाती थापून पूर्ण मापाचा. माती सुकून तडकू नये म्हणून तिच्यावर सतत ओली फडकी टाकायची, कार्यशाळा दमट ठेवायची, महिनोन्‌महिने त्या ओलाव्यात काम करायचे, मग प्लास्टरचा साचा, प्लास्टरचा पुतळा, आणि तो तुकड्यातुकड्यांत ओतशाळेकडे. रीट्शेलच्या फुप्फुसांना क्षयाने धरले होते. अशा माणसाने जवळजवळ चार वर्षे त्या दमटपणात गटे-शिलर उभे केले. म्युनिकच्या राजेशाही ओतशाळेत फेर्डिनांड मिलरने ते ब्राँझमध्ये ओतले आणि 4 सप्टेंबर 1857 रोजी अनावरण झाले. दुसऱ्या दिवशी त्याच उत्सवात संगीतकार लिस्टची ‘फाउस्ट’ सिंफनी पहिल्यांदा वाजली. पुतळ्यात पाहणाऱ्याच्या डावीकडे गटे आहे, दरबारी कोटात, नजर समोर, भार दोन्ही पायांवर नीट तोललेला. उजवीकडे शिलर, लांब सैल कोटात, नजर वर, एक पाऊल पुढे. गटेचा डावा हात शिलरच्या खांद्यावर नुसता टेकलेला आहे. त्या हाताने तो शिलरला धरतही नाही आणि पुढेही ढकलत नाही. गटेच्या उजव्या हातात लॉरेलचे कडे आहे आणि शिलरची बोटे त्या कड्याला पोचतात. देणारा कोण आणि घेणारा कोण हे ठरवता येत नाही, आणि ठरवता येऊ नये यासाठीच तो सारा मधला भाग घडवलेला आहे. स्टुटगार्टला जे लॉरेल कवीच्या डोक्यावर होते, ते इथे दोघांच्या हातांच्या मध्ये आले. मान माणसांच्या डोक्यावरून उतरून माणसांच्या मधल्या जागेत आला, हे मला त्या शतकाच्या शिल्पकलेतले फार मोठे पाऊल वाटते.

इथे कुणी म्हणेल, बटणे खरी आणि उंची खोटी! शिलर गटेपेक्षा जवळजवळ 20 सेंटीमीटर उंच होता आणि पुतळ्यात दोघे सारख्याच उंचीचे आहेत. सत्यासाठी झगा नाकारणाऱ्या रीट्शेलने इथे सरळसरळ माप बदलले. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण त्यातून त्याचे तत्त्व अधिक स्पष्ट होते. रीट्शेलला हवे होते ते टेपाने मोजायचे सत्य नव्हते. खऱ्या मापाने शिलर वरून पाहणारा आणि गटे खालून पाहणारा झाला असता, आणि खांद्यावरचा हात मित्राचा न राहता वर चढण्याची धडपड वाटला असता. 1794 पासून 1805 मध्ये शिलर मरेपर्यंत जे नाते होते, ते तसे नव्हते. कपड्यांच्या बाबतीत त्याने खरेपणा राखला, कारण झगा त्या नात्यावर पांघरूण घालणार होता. उंचीच्या बाबतीत त्याने माप मोडले, कारण खरे माप त्या नात्यावर पांघरूण घालणार होते. दोन्ही निर्णय एकाच ठिकाणाहून आले आहेत.

यापुढचा आक्षेप कलेचा नाही, इतिहासाचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. चबुतऱ्यावर लिहिले आहे की हा पुतळा पितृभूमीने कवींच्या जोडीला अर्पण केला. 1857 मध्ये जर्मनी नावाचे एक राज्यच नव्हते. दोनच वर्षांनी, 1859 मध्ये, शिलरची जन्मशताब्दी गावोगाव मिरवणुकांनी साजरी झाली आणि कवी हा राष्ट्राचा झेंडा बनला. पुढे जर्मन स्थलांतरितांनी याच पुतळ्याच्या प्रतिकृती अमेरिकेत उभ्या केल्या: 1901 मध्ये सॅन फ्रान्सिस्को, 1907 मध्ये क्लीव्हलंड, 1908 मध्ये मिलवॉकी, 1911 मध्ये सिरॅक्यूज. 1919 मध्ये या पुतळ्यामागच्याच नाट्यगृहात राष्ट्रसभा भरली आणि वायमार प्रजासत्ताकाची घटना तयार झाली. आणि वायमारपासून काही किलोमीटरवर, एटर्सबर्गच्या टेकडीवर, 1937 मध्ये बुखेनवाल्डची छळछावणी उघडली. नागरिकाला चौकात उभे करण्याच्या कलेने नागरिकत्व वाचवले नाही, हे खरे. पण पुतळ्याच्या अंगावर ही जबाबदारी टाकताना एक पाहिले पाहिजे. छावणी चालवणाऱ्यांना प्रचंड, उघडे, अमानुष देह आवडत, ज्यांना नाव नसे आणि चेहऱ्यावर स्वतःचे असे काही नसे. कोटातली दोन माणसे, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर, ही त्यांच्या मनासारखी प्रतिमा नव्हती. त्यांनी ती वापरली, पण ती त्यांच्या आदर्शातून आलेली नव्हती.

रीट्शेलची मर्यादा मला दिसते ती दुसरीकडे, वोर्म्सला. तिथले ल्यूथरचे स्मारक हे त्याचे शेवटचे आणि सर्वांत मोठे काम. 1521 च्या एप्रिलमध्ये ल्यूथर वोर्म्सला सम्राटासमोर उभा राहिला तेव्हा तो अजून ऑगस्टिनियन संन्यासी होता आणि त्याच्या अंगावर संन्याशाचाच वेश होता. स्मारकातला ल्यूथर मात्र प्रोटेस्टंट उपदेशकाच्या लांब झग्यात आहे, हातात बायबल, त्यावर आवळलेली मूठ, नजर वर. लेसिंगच्या बाबतीत ज्याने झगा काढला, त्यानेच ल्यूथरला झगा चढवला, तोही इतिहासाच्या विरुद्ध. लोकांच्या मनातला ल्यूथर तसा होता, हे कारण खरे असले तरी माझे समाधान होत नाही. इथे रीट्शेल स्वतःच्या कसोटीला उतरला नाही. त्या झग्याने एकटा, घाबरलेला आणि तरीही न हटलेला संन्यासी झाकला आणि पुढच्या काळातला विजयी धर्मगुरू समोर आणला. आणखी एक गोष्ट तिथे लक्षात येते. भोवती ल्यूथरच्या आधीचे धर्मसुधारक हुस, विक्लिफ, सावोनारोला, वाल्डो बसलेले आहेत, कोपऱ्यांवर दोन संस्थानिक आणि दोन विद्वान उभे आहेत, आणि स्त्रिया तीन आहेत, त्याही शहरांच्या प्रतीकरूपाने. मागडेबुर्ग, आउग्सबुर्ग, श्पायर ही त्यांची नावे. ज्या नागरिकासाठी चौक खुला झाला तो पुरुष होता. स्त्रीला तिथे स्वतःच्या नावाने नव्हे, गावाच्या नावाने बसावे लागले.

वोर्म्सचे काम रीट्शेलच्या हातून पुरे झाले नाही. ल्यूथर आणि विक्लिफ यांच्या मूर्ती घडवून 21 फेब्रुवारी 1861 रोजी ड्रेस्डेनमध्ये तो मरण पावला, वय 56. उरलेले त्याच्या शिष्यांनी, डोन्डॉर्फ, कीट्झ आणि शिलिंग यांनी केले आणि 1868 मध्ये स्मारक उघडले. ड्रेस्डेनला एल्बे नदीकाठच्या ब्र्युलच्या गच्चीवर त्याची कार्यशाळा होती. त्याच जागी 1876 मध्ये शिलिंगने गुरूचे स्मारक उभे केले. राउख त्याच्याही आधी गेला होता. वायमारच्या अनावरणानंतर तीनच महिन्यांनी, 3 डिसेंबर 1857 रोजी, औषधपाण्यासाठी शिष्याच्याच गावी, ड्रेस्डेनला आलेला असताना त्याचे निधन झाले. शेवटच्या वर्षांत हा वृद्ध शिल्पकार क्योनिग्सबर्गसाठी एका पुतळ्यावर काम करत होता. फ्रेडरिकच्या स्मारकातला, घोड्याच्या शेपटाखालचा कांट त्याने तिथून बाहेर काढला, मोठा केला, आणि 1864 मध्ये तो कांटच्या गावात एकटा उभा राहिला, अठराव्या शतकातल्या साध्या कोटात, खांद्यावर काही न घेता.